फवारणी करूनही हळद्या का थांबत नाही? पांढऱ्या माशीच्या बाबतीत या चुका टाळा

हळद्या म्हणजे भेंडीची पानं पिवळी पाडणारा विषाणूजन्य रोग, आणि तो पसरवते पांढरी माशी. भेंडीच्या प्लॉटमध्ये चार झाडं पिवळी दिसली की आधी फोन जातो कृषी सेवा केंद्राला, आणि दुपारपर्यंत पंप पाठीवर चढतो. दोन फवारण्या होतात, माशी कमी झालेली दिसते, तरी आठवड्याभरात चाराची चाळीस झाडं होतात. मग 'औषधच डुप्लिकेट निघालं' म्हणून आपण हात झटकतो. कधी कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा औषध बरोबर असतं, वेळ चुकलेली असते.

माशी रोगट पानावर बसून थोडा वेळ रस ओढते, तेवढ्यात विषाणू तिच्या पोटात जातो. तिथून तो शरीरभर फिरून लाळेत यायला काही तास लागतात. त्यानंतर मात्र ती मरेपर्यंत बसेल त्या झाडात विषाणू सोडू शकते. झाडावर लक्षण दिसायला साधारण दहा-पंधरा दिवस जातात. म्हणजे आज पिवळं पडलेलं पान ही पंधरवड्यापूर्वीची घटना आहे, आणि आजची फवारणी ती मागे नेऊ शकत नाही. झाडात शिरलेला विषाणू मारणारं औषधच नाही, त्यामुळे बुरशीनाशक किंवा स्ट्रेप्टोमायसिन मारणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

त्याआधी ते पिवळेपण नक्की कशाचं आहे, हे बघा. भेंडीच्या हळद्यात शिरा पिवळ्या होतात आणि मधला भाग आधी हिरवा राहतो. लोहाची कमतरता असेल तर नेमकं उलटं: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, आणि तेही कोवळ्या पानांवर. चुनखडीच्या जमिनीत सोयाबीनवर असं हमखास दिसतं. पिवळा मोझॅक या विषाणूजन्य रोगात पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे ठिपके पडतात. मिरचीच्या बोकड्याचा घोळ याहून मोठा. फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशीने आणलेला विषाणू, तिघांमुळेही पान आकसतं. भिंग न लावता औषध ठरवलं तर तीनपैकी दोन वेळा चुकायला वाव राहतो.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे पान न उलटणं. उडणारी पांढरी माशी डोळ्यात भरते, पण तिची अंडी आणि पिल्लं पानाच्या खालच्या बाजूला असतात. पिल्लू एकदा रस प्यायला बसलं की जागचं हलत नाही. फिकट पिवळसर, चपटं, खवल्यासारखं. वरून फवारा मारला तर पानाची पाठ कोरडीच राहते. नोझल खालून वर धरा, आणि शक्यतो सकाळी फवारा, कारण गारव्यात माशी सुस्त असते.

गेल्या उन्हाळ्यात मी टोमॅटोच्या एका पानाच्या मागे दहापटीच्या भिंगातून बराच वेळ बघत होतो. रिकाम्या कोषांवर दोन तऱ्हांच्या खुणा होत्या. काहींवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर, म्हणजे तिथून माशी बाहेर पडली होती. काहींवर गोल, नीट कापलेलं छिद्र. ते एन्कार्सियासारख्या परजीवी गांधीलमाशीचं काम, तिनं आतली माशी खाऊन टाकलेली. ही गोल छिद्रं दिसत असताना सायपरमेथ्रिनसारखं सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारणं हा स्वतःच्याच शेतावर केलेला अन्याय आहे. मित्रकीटक मरतात आणि माशी पुन्हा जोरात उसळते.

पंजाबच्या कापूसपट्ट्यानं 2015 साली हे फार महागात शिकलं. बीटी कपाशी बोंडअळीसाठी आहे, रस शोषणाऱ्या माशीला तिचं काही वाटत नाही. उशिरा पेरणी, कोरडं हवामान, दोन-तीन कीटकनाशकांची मिसळ, वाढीव युरिया, हे सगळं एकत्र आलं आणि वारंवार फवारूनही कपाशी हातची गेली. तिथल्या कृषी विद्यापीठाची शिफारस सकाळी दहाच्या आत शेतात जाऊन वरच्या पानांवरच्या माश्या मोजण्याची. पानामागे सरासरी सहा झाल्या तरच फवारणी.

शेजाऱ्याच्या प्लॉटवर चाललेलं औषध आपल्याकडे का चालत नाही, याचंही उत्तर संशोधनात आहे. ग्रीसमध्ये 1889 साली तंबाखूवर सापडलेल्या माशीला पुढे बेमिसिया टॅबॅकी हे नाव रूढ झालं. ती एकच जात नसून दिसायला सारख्या पण आतून वेगळ्या कितीतरी जातींचा गट आहे. प्रत्येकीची आवडती पिकं आणि औषधं पचवण्याची ताकद वेगळी. म्हणून एकाच रासायनिक गटाचं औषध लागोपाठ मारू नका.

वाणाच्या नावावरही डोळे झाकून विसंबू नका. भेंडीच्या या रोगाची नोंद मुंबई प्रांतात 1924 सालीच झाली होती. पुढे मराठवाडा कृषी विद्यापीठानं रानभेंडीशी संकर करून 'परभणी क्रांती' दिली आणि या वाणानं कित्येक घरं सावरली. पण विषाणूही बदलत राहतात, आणि जुना सहनशील वाण आजही तितकाच टिकेल असं नाही.

रोपांच्या बाबतीत आमच्या घरची चूक सांगतो. टोमॅटोची रोपं जाळीत नीट वाढवली, आणि लागवडीआधी काटक व्हावीत म्हणून दोन दिवस उघड्यावर ठेवली, तीही संपत आलेल्या जुन्या टोमॅटोशेजारी. पुढे अर्ध्याहून जास्त झाडांचे शेंडे गुंडाळले गेले. काटक करायचं तेही बारीक जाळीतच करा, साधारण 50 मेशच्या, म्हणजे एका इंचात 50 छिद्रं असलेल्या. लागवडीनंतरचा पहिला दीड महिना सगळ्यात नाजूक. त्या काळात पिवळे चिकट सापळे पिकाच्या उंचीला लावा आणि पीक वाढेल तसे वर सरकवा.

रोगट झाड उपटून बांधावर टाकू नका. ते सुकू लागलं की त्यावरची माशी उठून शेजारच्या हिरव्या झाडावर बसते. भल्या पहाटे, माशी उडायच्या आत, झाडावर आधी पिशवी घाला आणि मग मुळासकट काढा.