एक्सेल-टॅलीच्या जड कामासाठी पीसी घेताय? आधी हे बघा

टॅली चालू, तीन-चार मोठ्या एक्सेल शीट उघड्या, वर क्रोमचे ढीगभर टॅब, असं ज्यांचं घरून काम चालतं त्यांच्या गळ्यात दुकानदार ग्राफिक कार्ड मारायला बघतो, सरळ नको म्हणा, ते गेमिंगवाल्यांना लागतं, तेच पैसे रॅम आणि एनव्हीएमई एसएसडीत (फाइल्स साठवायच्या वेगवान ड्राइव्हमध्ये) घाला. किती रॅम ते अंदाजाने नको ठरवायला, आत्ताच्या मशीनवर रोजचं सगळं उघडून कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरी म्हणजे रॅम बघा, ८ जीबीतली सात वापरात दिसली की १६ घ्यायचीच, आणि पुढे वाढवायला एखादा स्लॉट रिकामा आहे ना तेही विचारा.

प्रोसेसरचे नुसते कोअर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे त्याचे भाग, मोजत बसू नका. एक्सेलचे फॉर्म्युले अनेक कोअरवर वाटले जातात पण व्हीबीए मॅक्रो (एक्सेलमधली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) एकाच कोअरवर पळतो, त्यामुळे मॅक्रोवाल्यांना एका कोअरचा स्पीड महत्त्वाचा.

आणि ऑफिस ६४-बिटच टाका बरं का! ३२-बिट एक्सेलला ४ जीबीच्या वर मेमरी वापरताच येत नाही, मग ३२ जीबी लावून उपयोग काय? फक्त जुनं एखादं अॅड-इन (एक्सेलला जोडलेलं जादा सॉफ्टवेअर) वापरत असाल तर ते ६४-बिटवर चालतं का आधी बघून घ्या.

सेकंडहँड स्वस्त मिळतोय म्हणून इंटेलच्या सहाव्या जनरेशनच्या प्रोसेसरचा पीसी उचलू नका, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. उरलेल्या पैशात यूपीएस घ्या, लाइट गेली की टॅलीचा डेटा करप्ट व्हायची भीती असते.