निळा पडलेला कम्प्यूटर फॉर्मॅट करण्याआधी ड्रायव्हर शोधा

"ताई, कम्प्यूटर सारखा निळा पडून राहिला, फॉर्मॅट मारून द्या." नागपुरात मला येणारे निम्मे फोन असेच असतात. मी इथल्या लहान ऑफिसांची मशिनं सांभाळते. त्यात सीएची ऑफिसं आहेत, फोटो स्टुडिओ आहेत, सेवा केंद्रं आणि शिकवणी वर्गही आहेत. फॉर्मॅटला माझा ठाम विरोध आहे. त्यात टॅलीचा डेटा जातो, अर्धवट राहिलेला लग्नाचा अल्बम जातो, आणि वर तोच जुना ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर, ग्राफिक्स कार्ड अशा उपकरणांना विंडोजशी जोडणारा लहान प्रोग्राम, पुन्हा टाकला की मशीन पुन्हा निळं पडतं. दोष ड्रायव्हरचा असेल तर मशीनवर त्याचा माग उरतो. तो कसा वाचायचा आणि त्यावरून दुरुस्ती कशी करायची, ते सांगते.

साधा प्रोग्राम बिघडला तर तेवढाच बंद पडतो, बाकीचं काम चालू राहतं. बरेचसे ड्रायव्हर मात्र विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतात. तिथे एकाने भलत्या मेमरीला हात लावला की डेटा बिघडू नये म्हणून विंडोज स्वतःच सगळं थांबवतं. निळी स्क्रीन म्हणजे हे थांबवणं. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशिनं अशीच पडली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. फॉर्मॅटची तिथे गरज नव्हती. सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरतेच ड्रायव्हर घेऊन सुरू होणाऱ्या विंडोजमध्ये, जाऊन एक फाइल काढली की मशीन सुरू होत होतं.

आधी गरमीचा प्रश्न मिटवा

नवतपात नागपूरचा पारा 45 च्या पुढे जातो आणि मशिनं खरोखर गरमीनेही बंद पडतात. पण ते पडणं वेगळं असतं. गरमीने किंवा कमजोर पॉवर सप्लायने मशीन बहुतेक वेळा फटकन बंद होतं, स्क्रीनवर काही लिहून येत नाही. ड्रायव्हरने पडलं तर निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर स्टॉप कोड असतो. विंडोज 11 मध्ये 2025 पासून ही स्क्रीन काळी झाली आहे, तेव्हा रंगावर जाऊ नका, कोड बघा.

समोर कोणी नसताना मशीन पडलं तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम निवडा आणि कर्नल-पॉवरची 41 नंबरची नोंद शोधा. तिच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड असतो, म्हणजे तोच स्टॉप कोड आकड्यात. तो 0 असेल तर विंडोजला काही नोंदवायला वेळच मिळाला नाही. मग आधी वीज, पंखा, धूळ तपासा. कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर येत असेल तर कूलरचं तोंड फिरवा. कोड 0 नसेल तर पुढे वाचा. इथे आकडा दशमान पद्धतीत असतो. 209 म्हणजे ड्रायव्हरने चुकीच्या वेळी मेमरीला हात लावला. 278 म्हणजे ग्राफिक्स कार्डाने उत्तर देणं बंद केलं आणि पुन्हा सुरू करूनही ते उठलं नाही. 307 म्हणजे कोणीतरी प्रोसेसर फार वेळ अडवून धरला, यात एसएसडीचा ड्रायव्हर किंवा फर्मवेअर (एसएसडीच्या आतलं सॉफ्टवेअर) बरेचदा सापडतं. 292 आला तर संशय हार्डवेअरवर घ्या.

हात लावण्यापूर्वी

बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये ते मालकाला न सांगताच चालू असतं, आणि सेफ मोडकडे जाताना मशीन 48 अंकी रिकव्हरी की मागतं. मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून ती आधीच कागदावर उतरवून ठेवा. मशीन जेवढा वेळ चालतंय तेवढ्यात कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरी उघडून 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा, म्हणजे कोड वाचायला आणि मोबाइलने फोटो काढायला वेळ मिळतो. त्याच खिडकीत स्मॉल मेमरी डंप निवडा. डंप म्हणजे मशीन पडलं त्या क्षणी मेमरीत काय होतं त्याची फाइल. पेजिंग फाइल (विंडोज मेमरीला जोड म्हणून डिस्कवर ठेवतं ती फाइल) कोणी बंद केली असेल तर ती परत चालू करा, तिच्याशिवाय डंप लिहिला जात नाही.

माग वाचणे

स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की रिलायबिलिटी हिस्टरी उघडते. मला विंडोजमधलं हे सगळ्यात उपयोगाचं पान वाटतं, आणि ते कोणी उघडत नाही. तारखेप्रमाणे लाल फुल्या दिसतात, आणि कोणत्या दिवशी कोणता ड्रायव्हर किंवा अपडेट बसला तेही दिसतं. पहिली लाल फुली शोधा आणि तिच्या आधीचे दोन-तीन दिवस नीट वाचा. मालकाला "काही नवीन टाकलं का?" विचारलं की उत्तर "काहीच नाही" असतं. हे पान मात्र सगळं सांगतं.

मग सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं मिनीडंप फोल्डर बघा. प्रत्येक पडण्याची एक लहान फाइल तिथे असते. निरसॉफ्टचं ब्लूस्क्रीनव्ह्यू हे फुकट साधन ती उघडून संशयित ड्रायव्हर रंगवून दाखवतं. जास्त खोलात जायचं तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विनडीबीजी घ्या, त्यात डंप उघडा आणि खाली येणाऱ्या ॲनालाइझच्या लिंकवर क्लिक करा.

इथे घाई नको. डंपमध्ये ज्याचं नाव येतं तो दर वेळी दोषी नसतो. रामदासपेठेतल्या एका सीएच्या ऑफिसातला लॅपटॉप रिटर्न भरण्याच्या ऐन हंगामात निळा पडत होता, कोड 209. डंपमध्ये कधी विंडोजच्या कर्नलचं नाव यायचं, कधी एनडीआयएसचं. हे दोन्ही मायक्रोसॉफ्टचेच भाग. म्हणून आधीच्या दुरुस्तीवाल्याने विंडोजच खराब आहे असं सांगून टाकलं होतं. पण एनडीआयएस म्हणजे नेटवर्कचा हमरस्ता, त्यावरून सगळ्यांचीच ये-जा असते. म्हणून मी सगळे डंप शेजारी ठेवून स्टॅकमधली, म्हणजे पडण्याच्या क्षणी एकामागून एक कोण काम करत होतं त्या यादीतली, नावं वाचली. विंडोजची नसलेली एकच फाइल प्रत्येक डंपमध्ये होती, आणि ती होती मागच्या वर्षी काढून टाकलेल्या अँटिव्हायरसची.

प्रोग्राम गेला होता, पण त्याचा नेटवर्क फिल्टर मागे राहिला होता. त्यावर नव्या अँटिव्हायरसने आपला फिल्टर बसवला. दोघं एकाच पॅकेटला हात घालत होते. वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये जी खुणांची यादी असते, तिच्यात जुन्याचं नाव तसंच दिसत होतं. खूण काढली, रीस्टार्ट केलं, आणि ई-फायलिंगचं काम दिवसभर न अडखळता चाललं. त्यानंतर त्या कंपनीच्याच रिमूव्हल टूलने उरलेला भाग काढला. साध्या अनइन्स्टॉलने तो जात नाही. जुनी व्हीपीएन, बंद केलेली डोंगलची सॉफ्टवेअरं आणि जुने डिजिटल सिग्नेचर टोकन हेही असंच काहीबाही मागे ठेवतात. नावावरून ओळख पटली नाही तर त्या फाइलच्या प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्समध्ये कंपनीचं नाव बघा.

काढणे आणि नीट बसवणे

मशीन सुरूच राहत नसेल तर सेफ मोडमध्ये जा. लॉगिनच्या स्क्रीनवर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि 4. तिथपर्यंतही पोहोचत नसेल तर सुरू होताना पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचं पान उघडतं.

ड्रायव्हर नुकताच बदललेला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमधलं रोल बॅक बटण दाबा. ते फिकट असेल तर जुनी प्रत मशीनवर नाही. मग अनइन्स्टॉल करा, पण ड्रायव्हरही काढून टाकण्याची खूण लावूनच. ती नसेल तर पुढच्या स्टार्टला तोच ड्रायव्हर परत बसतो. व्ह्यूमधून शो हिडन डिव्हायसेस चालू केलं की कधीकाळी जोडलेले प्रिंटर, वेबकॅम, अंगठ्याचे स्कॅनर फिकट रंगात दिसतात. आता वापरात नसलेले काढा. सेवा केंद्रांत ही यादी भली मोठी असते.

ग्राफिक्स कार्ड बदललं असेल, विशेषतः कंपनी बदलली असेल, तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर वापरा. नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा, नेट बंद करा, सेफ मोडमध्ये जुना पुसा, नॉर्मल मोडमध्ये नवा टाका, मगच नेट जोडा. नेट चालू ठेवलं तर मधल्या वेळात विंडोज अपडेट स्वतःच्या मनाचा ड्रायव्हर बसवून मोकळं होतं. लॅपटॉपचे ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीकडून, असेंबल्ड पीसीचे मदरबोर्डच्या कंपनीकडून घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट' म्हणणारी सॉफ्टवेअरं कृपा करून टाकू नका.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर रीस्टार्ट करा. शटडाउन चालत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये कर्नल डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत येतो. रीस्टार्टने मात्र तो नव्याने सुरू होतो.

सुधारल्यावर अपडेट काही आठवडे पॉज करा, आणि ऑप्शनल अपडेट्समधल्या ड्रायव्हरच्या यादीला गरज नसताना हात लावू नका.

तरीही पडत असेल तर

ड्रायव्हर व्हेरिफायर विंडोजमध्येच असतं. ते निवडलेल्या ड्रायव्हरांवर मुद्दाम ताण देतं, आणि चूक पकडली की नावासकट मशीन पाडतं. आधी रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर मागे फिरता येईल अशी विंडोजची जपलेली स्थिती) बनवा, फक्त मायक्रोसॉफ्टचे नसलेले ड्रायव्हर निवडा. मशीन मंद होईल, ते अपेक्षित आहे. नाव मिळालं की सेफ मोडमधून व्हेरिफायर उघडा आणि डिलीट एक्झिस्टिंग सेटिंग्ज निवडा. ऑफिसच्या कामाच्या दिवशी हा प्रयोग करू नका, रविवारी करा.

सेफ मोडमध्येही मशीन पडत असेल, किंवा दर डंपमध्ये वेगळंच नाव आणि वेगळाच कोड येत असेल, तर ड्रायव्हरचा पाठलाग थांबवा आणि रॅम तपासा. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा. दोन स्टिक असतील तर मशीन पूर्ण बंद करून, प्लग काढून, एक काढा आणि एकीवर दिवसभर काम करून बघा, दुसऱ्या दिवशी दुसरीवर. स्लॉट मात्र तोच ठेवा, नाहीतर दोष स्टिकचा की स्लॉटचा ते कळणार नाही.