विज्ञान विभागात स्त्री-पुरुष समानता : या चुका टाळा

आठ मार्चला विभागाच्या दारात रांगोळी निघते, प्रत्येक मॅडमना गुलाबाचं फूल मिळतं, एक व्याख्यान होतं. नऊ मार्चला इन्स्ट्रुमेंट रूमची किल्ली पुन्हा त्याच सरांच्या खिशात. रसायनशास्त्र विभागात पंचवीसेक वर्षं काढल्यावर माझं मत झालंय की विषमता शोधायची तर दप्तर उघडावं: डेडस्टॉक रजिस्टर (विभागातल्या सामानसुमानाची नोंदवही), समित्यांची परिपत्रकं, लॉगबुक. खालच्या चुकांपैकी काही मी स्वतः विभागप्रमुख असताना केल्या आहेत.

नुसत्या मुली मोजणं

एम.एस्सी.चा वर्ग मुलींनी भरलेला असतो आणि तो आकडा नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, अहवालात दिमाखात जातो. पण जिना वरपर्यंत मोजा: एम.एस्सी., पीएच.डी., सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक. संख्या कुठल्या पायरीवर कोसळते ते दिसलं की दुखणं सापडतं. तासिका तत्त्वावरच्या मॅडमना कायम प्राध्यापकांच्या रकान्यात मिसळू नका. बेरीज गोंडस दिसते, पण तासावर मानधन घेणाऱ्या बाईंना स्वतःची प्रयोगशाळाही नसते आणि संशोधक विद्यार्थीही नसतात.

प्रत्येक समितीवर त्याच दोघी

‘समितीत एक तरी महिला हवी’ हा नियम चांगल्या हेतूचा आहे. पण अकरा जणांच्या विभागात दोनच बायका असतील तर त्या दोघींची दुपार कायम मीटिंगमध्ये जाते. वर सूत्रसंचालन, पाहुण्यांचे बुके आणि ‘मॅडम, चहाचं जरा बघाल का?’ आहेच. एका सहकारी मॅडमना मी सलग तीन वर्षं पाच समित्यांवर घातलं होतं, आणि कॅसच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, वेळी ‘शोधनिबंध कमी’ हा शेरा माझ्याच सहीने गेला.

उपाय साधा आहे. कोणाचे किती तास समित्यांत जातात, याचा तक्ता स्टाफरूममध्ये लावा. तक्ता लागल्यावर चहाकडे बघायला सरही उठू लागतात.

जागा न मोजणं

अमेरिकेतल्या एमआयटीतल्या जीवशास्त्रज्ञ नॅन्सी हॉपकिन्स यांना झेब्राफिशच्या टाक्यांसाठी जागा हवी होती आणि ती मिळत नव्हती. शेवटी त्यांनी मोजपट्टी घेतली आणि रात्री इमारत रिकामी झाल्यावर प्रयोगशाळा मोजल्या. पुरुषांकडे जास्त जागा होती. 1994 साली तिथल्या विज्ञान शाखेत कायम नेमणुकीचे 194 पुरुष प्राध्यापक होते आणि स्त्रिया 15. यांतल्या जवळजवळ सगळ्या जणींनी मिळून प्रश्न लावून धरला, समिती नेमली गेली आणि 1999 मध्ये तिचा अहवाल आला. संस्थेच्या अध्यक्षांनी भेदभाव झाल्याचं मान्य केलं.

आपल्याकडे हे काम आणखी सोपं आहे, कारण डेडस्टॉक रजिस्टर असतंच. चालू फ्यूम हूड (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट) कोणाच्या नावावर आहे, एसी कोणाच्या खोलीत आहे, एनएमआरचे (रेणूंची रचना शोधायच्या यंत्राचे) सकाळचे स्लॉट कोणाचे विद्यार्थी घेतात, हे एका शनिवारी लिहून काढा. नव्या मॅडमना गोडाऊनशेजारची खोली ‘तात्पुरती’ दिलेली असते. ती किती वर्षं तात्पुरती आहे, तेही लिहा.

सुरक्षेच्या नावाखाली कुलूप

1933 साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या, तेव्हा तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी आधी नकार दिला आणि मग एक वर्ष पारखून बघू म्हणून घेतलं. ज्या अटी सांगितल्या जातात त्यांत एक अशी होती की मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करावं लागेल. त्यांनी ते केलं, पुढे केंब्रिजहून पीएच.डी. मिळवली आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवलं.

आज गंमत उलटी झाली आहे. मुलींनी सातनंतर लॅबमध्ये थांबायचं नाही, असं परिपत्रक निघतं. रिअॅक्शनला घड्याळ कळत नाही. मुलगी सात वाजता ती अर्धवट सोडते आणि तिच्याच टेबलाशेजारचा मुलगा दहापर्यंत बसून पेपरचा डेटा काढतो. रात्री एकट्याने काम करायचं नाही, हा नियम सगळ्यांना लावा, कारण सॉल्व्हंटची आग मुलगा-मुलगी बघत नाही. जिन्यात दिवे, वसतिगृहापर्यंत गाडी आणि मजल्यावर चालू अवस्थेतलं महिला स्वच्छतागृह ही जबाबदारी विभागाची.

रजेचा नियम न सांगणं

पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला प्रसूती आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण कालावधीत एकदा 240 दिवसांपर्यंत रजा मिळू शकते आणि प्रबंधासाठी 2 वर्षांची जादा मुदतही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमावलीत हे स्पष्ट आहे, तरी मुलीला ते बहुधा मैत्रिणीकडून कळतं. नोंदणीच्या दिवशीच मुलामुलींना, सगळ्यांना छापून द्या. गरोदर विद्यार्थिनीला काही रसायनांपासून दूर ठेवावं लागतं हे खरं, पण परस्पर तिचा विषयच बदलू नका. कोणतं काम कोण करेल, ते तिच्याशी बसून ठरवा.

अंतर्गत समितीचा फक्त बोर्ड

2013 च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती हवीच. बोर्डावरचे नंबर एकदा लावून बघा. त्यातला एखादा निवृत्त मॅडमचा निघेल. महिला विकास कक्ष म्हणजे ही समिती नव्हे. तिच्यात बाहेरचा सदस्य लागतो आणि निम्म्या तरी स्त्रिया लागतात.

मुलाखतीत ‘मिस्टर काय करतात?’

पॅनेलवर एक बाई बसवली की काम झालं, हा समज सोडा. अमेरिकेत 2012 मध्ये 127 विज्ञान प्राध्यापकांना एकच अर्ज दाखवला होता, काहींना जॉन या नावाने, काहींना जेनिफर या नावाने. जेनिफरला कमी सक्षम ठरवलं गेलं, पगारही कमी सुचवला गेला, आणि असं करण्यात स्त्री प्राध्यापक पुरुषांच्या मागे नव्हत्या. तेव्हा गुणांचे निकष अर्ज उघडण्याआधी लिहून काढा आणि सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा. नवऱ्याची बदली, सासूबाईंची तब्येत, मूल कधी, हे प्रश्न कोणी काढलेच, तर अध्यक्षांनी तिथल्या तिथे थांबवावं. उमेदवार बाहेर गेल्यावर ‘तसं विचारायला नको होतं’ म्हणणारे अध्यक्ष मी बरेच पाहिले आहेत.