पहिलं पोतं ठेवण्याआधी बैठक घ्या

भातकापणी सुरू झाली की ओढ्याचं पाणी रोज थोडंथोडं उतरताना दिसतं. खानापूरच्या डोंगरपट्ट्यापासून बेळगाव, हुक्केरी, निपाणीपर्यंत वनराई बंधारे, म्हणजे ओढ्यात माती भरलेली पोती रचून घातलेले तात्पुरते बांध, घालायचे दिवस हेच. परतीचा पाऊस थांबला की कामाला लागायचं, कारण ओढा वाहता असेल तरच अडवायला पाणी मिळतं. पण पोती भरायला घेण्याआधी चार-आठ दिवस बैठकीसाठी ठेवा, हे यंदा आग्रहानं सांगायचं आहे.

आमच्या शिवारात पहिला बंधारा घातला तो आम्ही ओढ्याकाठच्या विहीरवाल्यांनीच ठरवून. पाणी छान तुंबलं. तिसऱ्या दिवशी बायकांची धुण्याची जागा आणि जनावरांचा उतार पाण्याखाली गेला. खालच्या अंगाचे भाजीचे वाफे सुकायला लागले. मग एका रात्री कुणीतरी मधली पोती ओढून काढली. आम्हाला राग आला, पण खालच्यांना आणि घरातल्या बायकांनाही आम्ही विचारलंच नव्हतं. पुढच्या वर्षी सगळ्यांना घेऊन ओढ्यातून चालत गेलो. जागा काकी-मावशींनी दाखवली, धुण्याच्या दगडांच्या वरच्या अंगाला. मधोमध एक थर कमी ठेवून खाली पाणी वाहतं ठेवलं. तो बंधारा होळीपर्यंत टिकला.

म्हणून बैठकीला विहीर-बोरवाले तर हवेतच, शिवाय खालच्या गावचे शेतकरी, वाट्यानं जमीन कसणारे, मेंढरंवाले, स्त्रीशक्ती संघातल्या बायका, पंचायत सदस्य, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आणि लाईनमनसुद्धा हवेत. वेळ संध्याकाळची धरा, धारा काढून झाल्यावरची. नाहीतर बायका येऊ शकत नाहीत. आपल्या भागात एकाच ओढ्यावर मराठी आणि कन्नड बोलणारे दोघेही शेती करतात. ठरलेलं दोन्ही भाषांत लिहून पंचायतीच्या फळ्यावर लावा. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातले कागद बहुधा कन्नडमध्ये असतात, तेव्हा कन्नड वाचणारं एखादं कॉलेजचं पोरगं पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. पंचायतीकडून काम किंवा मदत हवी असेल तर ग्रामसभेचा ठरावही आधीच करून ठेवा.

बंधाऱ्याचं काम एका दिवसाचं आहे. दोन्ही काठ घट्ट असलेली अरुंद जागा निवडा. पोती पाऊण भरा, तोंड शिवा आणि विटांसारखी सांधेमोड करून रचा. पाया उंचीच्या दुप्पट रुंद ठेवा, उंची मीटरभर पुरे. पाण्याच्या बाजूनं चिकणमाती दाबून बसवा. खताची पोती असतील तर आधी धुऊन घ्या, ते पाणी जनावरं पिणार आहेत.

अडलेल्या पाण्याचं काय करायचं, हे ठरवायलाच खरा वेळ लागतो. दिवाळीच्या सुमारास पाच-सहा विहिरींत दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजा आणि आकडे शाळेच्या भिंतीवर लिहा. मग पिकांचा हिशेब मांडा. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे १ लाख लिटर. हरभऱ्याला दोन-दोन इंचांच्या दोन पाळ्या दिल्या तर ४ लाख लिटर लागतात. उसाची वर्षाची गरज २००० मिलिमीटर धरली, तर एकरी ८० लाख लिटर होतात. त्यातलं पावसाचं वजा केलं तरी उरलेला भार विहिरीवरच येतो. हा हिशेब भिंतीवर आला की नवीन लागण किती करायची, यावर माणसं आपणहून बोलायला लागतात. ऊस सोडा असं मी म्हणत नाही. जो आहे त्याला ठिबक करा, पाचट जाळू नका, सरीत पसरा.

भातानंतरच्या काळ्या रानात ओल असतानाच मसूर, हरभरा, वाटाणा पेरून घ्या. येळ्ळूर-शहापूर शिवारातली ही जुनी रीत आजही सर्वांत कमी पाण्याची आहे. हरभऱ्याला पहिलं पाणी फुलोऱ्याच्या आधी आणि दुसरं घाटे भरताना द्या. ऐन फुलोऱ्यात देऊ नका, फुलगळ होते.

आता लाईटचं. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीजबिल नाही. बिल नाही म्हणून मोटार ऑटोवर सोडून माणूस झोपतो आणि थ्री फेज आली की पाणी रात्रभर बांधावरून वाहत राहतं. पाच एचपीची मोटार तासाला सुमारे ४ युनिट वीज खाते. ती वीज आणि ते पाणी दोन्ही गावाच्या वाट्यातून जातात. त्यात लाईट आल्या क्षणी सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की टीसीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, ताण येतो, आणि टीसी जळाला तर ऐन दाणे भरताना सगळ्यांचंच पीक अडकतं. एका टीसीवरच्या शेतकऱ्यांनी पाळी ठरवावी, मोटारीला कपॅसिटर बसवावा आणि ऑटो स्विच काढून टाकावा. सौरपंप घेणाऱ्यांनीही पाळीत यावं, कारण पाणी त्याच झऱ्याचं आहे.

संक्रांतीनंतर पुन्हा विहिरी मोजा आणि पुन्हा बसा. पातळी फार उतरली असेल तर उन्हाळी भात आणि भाजीचं क्षेत्र तिथंच कमी करा. प्यायचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढा. वळीव सुरू झाले की मे महिन्यात पोती उचलून आणा. ती ओढ्यात राहिली तर पहिल्या पुरात वाहून खालच्यांच्या रोपवाटिकेत जातात.