पेल्याला लोकर, तोंड मात्र उघडं: उष्णतारोधकांच्या प्रयोगातल्या या चुका टाळा

हा प्रयोग दिसायला इतका सोपा की बहुतेक जण तो तयारी न करताच वर्गात नेतात. चार-पाच सारखे पेले आणि गरम पाणी. एकाला लोकर, एकाला वर्तमानपत्र, एकाला बबल रॅप, एकाला ॲल्युमिनियम फॉइल, आणि एक काहीच न गुंडाळलेला. दर दोन मिनिटांनी तापमान टिपायचं की झालं. मग दरवर्षी कुणीतरी असा निष्कर्ष लिहून आणतं की हसावं की रडावं कळत नाही.

माझं पहिलं भांडण झाकणाशी आहे. एका वर्षी एका गटाने प्रयोग केला, आकडे आले आणि मी तपासायच्या आत तक्ता रंगवूनही झाला: ‘ॲल्युमिनियम हा सर्वोत्तम उष्णतारोधक’. फॉइलचा पेला सगळ्यांच्या कितीतरी पुढे होता, आणि लोकरीचा व न गुंडाळलेला जवळपास बरोबरीत. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "बाई, मग स्वयंपाकाची भांडी ॲल्युमिनियमची कशाला करतात?" तक्ता बाजूला ठेवून आम्ही परत पेल्यांकडे गेलो. फॉइल गुंडाळताना मुलांनी ती वरून दुमडून तोंडावरही घेतली होती, तापमापीपुरतं भोक ठेवून. बाकी सगळ्यांची तोंडं सताड उघडी. लोकरीच्या पेल्यातून वाफ डोळ्यांना दिसत होती आणि आम्ही लोकरीला दोष देत होतो.

हिशोब करून बघा. पेल्यात 200 ग्रॅम पाणी आहे आणि त्यातलं फक्त 1 ग्रॅम वाफ होऊन गेलं, तर ते सुमारे 2.3 किलोज्यूल उष्णता सोबत नेतं. तेवढ्याने उरलेलं पाणी जवळजवळ पावणेतीन अंशांनी उतरतं. बाजूने तुम्ही कितीही गुंडाळा, उष्णता वरच्या दाराने निघून जाते. झाकणाशिवाय केलेला प्रयोग बाष्पीभवनाचा असतो.

माझी सवय अशी: एकाच जाड पुठ्ठ्यातून सगळ्या पेल्यांसाठी सारख्या चकत्या कापायच्या, तापमापी घट्ट बसेल एवढंच भोक पाडायचं आणि फट राहिली तर खेळायच्या क्लेने बुजवायची. बूडही विसरू नका. सगळे पेले घडी घातलेल्या पुठ्ठ्यावर ठेवा, नाहीतर थंड ओटा खालून उष्णता ओढत बसतो.

झाकणं लावून तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा लोकर वर आली आणि फॉइल खाली गेली. पण अगदी तळाला नाही. न गुंडाळलेल्या पेल्यापेक्षा ती चांगलीच होती. आता गटाला घाई झाली आकडे ‘दुरुस्त’ करायची, कारण पुस्तकात धातू सुवाहक आहे म्हणजे त्याचा नंबर शेवटचाच यायला हवा ना! हे मला मुळीच चालत नाही. आकडे बरोबर होते. शांत हवेत निवणाऱ्या पेल्याची बरीचशी उष्णता प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, जाते, आणि चकचकीत ॲल्युमिनियम प्रारण फारच कमी करतं. वहन अडवण्यात फॉइल कुचकामी आहे, प्रारण अडवण्यात नाही. निष्कर्ष आधी लिहून मग मापं घेणाऱ्यांना ही गंमत कधीच दिसत नाही.

दुसरी लाडकी चूक सुरुवातीच्या तापमानाची. एकाच किटलीतून पाणी ओतत गेलं की पहिला पेला 80 अंशांवर आणि शेवटचा 74 वर सुरू होतो. मग दहा मिनिटांनी वजाबाकी करून ‘कोण किती उतरलं’ याची तुलना! न्यूटनने 1701 मध्येच मांडलं होतं की वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातला फरक जितका जास्त, तितकी वस्तू झपाट्याने निवते. खोली 30 अंशांवर असेल तर 80 अंशांच्या पाण्याचा फरक 50 आणि 70 च्या पाण्याचा 40. म्हणजे जास्त गरम पेला सव्वापट वेगाने उष्णता गमावतो. त्याला हरवायची सोय तुम्हीच करून ठेवलेली असते.

सगळ्या पेल्यांत नेमकं सारखं तापमान आणायच्या फंदात मी पडत नाही. पाणी 75 च्या आसपास ओतते आणि प्रत्येक पेला 70 वर उतरला की त्याचं घड्याळ सुरू करते, 60 वर उतरला की बंद. उतरलेले अंश मोजण्याऐवजी लागलेली मिनिटं मोजायची. युक्ती माझी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस उष्णतेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ काउंट रमफर्ड यांनी तापमापीभोवती काचेचा गोळा बसवला, मधल्या जागेत लोकर, कापूस, रेशीम, फर असं एकेक भरलं आणि दोन ठरावीक तापमानांमधला वेळ मोजला. पहिली काही मिनिटं पेला आणि तापमापी स्वतःच तापत असतात, ती या पद्धतीत आपोआप वगळली जातात. ‘पाच मिनिटांत आटपू’ म्हणणाऱ्यांचे आकडे नेमके त्याच गोंधळातले असतात.

गुंडाळण्याबद्दलही सांगायला हवं. लोकरीची पट्टी ताणून, वर चार रबरबँड करकचून लावलेला पेला दिसला की माझा हात आपोआप रबरबँड काढायला जातो. रोधकाचं खरं काम धाग्यांत अडकलेली हवा करते. स्थिर हवेची उष्णतावाहकता साधारण 0.025 वॅट प्रति मीटर प्रति केल्विन, लोकरीची 0.04 च्या आसपास, पाण्याची 0.6. दाबून हवा बाहेर काढलीत, किंवा ओतताना पाणी सांडून लोकर भिजवलीत, तर उरलं काय? आणि बबल रॅपचा एक थर विरुद्ध लोकरीचे चार थर ही तुलना नव्हे. पट्टीने जाडी मोजा, सगळ्यांची एकच ठेवा.

बाकीच्या चुका थोडक्यात. पंखा बंद करा. कडेचा पेला उगाच हरतो. पाणी डोळ्यांच्या अंदाजाने नको, मापाने घ्या. तापमापीने पाणी ढवळू नका, फुटते. ढवळायला काडी घ्या, पण ढवळा, कारण वरचं आणि खालचं पाणी एकाच तापमानाचं नसतं. वाचताना तापमापी पाण्याबाहेर काढू नका. आणि उकळतं पाणी कशाला? भाजण्याशिवाय त्यातून काही मिळत नाही. ओतायचं काम मोठ्यांनीच करावं.

एक समजूत मात्र कितीही नेटका प्रयोग केला तरी जात नाही: लोकर ऊब ‘देते’. तापमापी रिकाम्या स्वेटरमध्ये गुंडाळून अर्धा तास ठेवा. खोलीचंच तापमान दाखवते. तरी मुलं मान डोलावतात आणि मनातून पटलेलं नसतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी सारखे दोन बर्फाचे खडे घेते, एक लोकरीत गुंडाळून, एक तसाच, आणि कोणता आधी वितळेल यावर हात वर करायला लावते. निम्म्याहून जास्त हात लोकरीच्या बाजूने जातात. तासाची घंटा होताना उघड्या बशीत नुसतं पाणी असतं आणि लोकर उलगडली की खड्याचे कोपरे अजून हाताला लागतात.