ब्राउझर अपडेट झाला तरी साइट टिकावी म्हणून मी काय करतो

२०२१ ची गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला होती. ६ तारखेला सकाळीच दादरच्या काकूंचा फोन आला. काकू उकडीचे मोदक करून देतात आणि ऑर्डर घ्यायची त्यांची साइट मी केलेली आहे. "अरे, माझी पार्ल्याची नणंद म्हणते, साइटवर ऑर्डर बंद झाल्यात. मी तर अजून नारळसुद्धा आणले नाहीत!" मी माझ्या अँड्रॉइडवर उघडून पाहिलं तर सगळं सुरळीत. नणंदबाईंकडे आयफोन होता. त्यांना म्हटलं, सफारी राहू द्या, क्रोम घ्या आणि त्यात उघडा. त्यातही ऑर्डर बंदच.

दोष सापडायला दुपार झाली. ऑर्डरची मुदत ८ तारखेला संध्याकाळी सहापर्यंत. मी ती कोडमध्ये लिहिताना तारीख आणि वेळ यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा सोडली होती. माझ्या क्रोमने ती समजून घेतली. सफारीने 'इनव्हॅलिड डेट' म्हणून टाकून दिली. अशा तारखेशी केलेली कुठलीही तुलना खोटीच ठरते, त्यामुळे 'मुदत अजून आहे का' या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक आयफोनवर 'नाही' असंच येत होतं. पानावर एररचं नावही नव्हतं. माझ्या कोडची भाषा जावास्क्रिप्ट. तिच्या नियमाप्रमाणे तारीख आणि वेळेच्या मध्ये इंग्रजी 'टी' असलेली मांडणीच हमखास चालते. बाकीचं ज्याने त्याने ठरवायचं. म्हणजे सफारीही नियमात होती आणि क्रोमही. तेव्हापासून मी 'टी' घालतो आणि शेवटी भारताची वेळ म्हणून अधिक ०५:३० लिहितो. नाहीतर दुबईहून आईसाठी मोदक मागवणाऱ्या मुलाच्या फोनवर मुदत तिथल्या घड्याळाप्रमाणे धरली जाते.

तर पहिलं काम: ब्राउझरची नावं मोजू नका, इंजिनं मोजा. इंजिन म्हणजे ब्राउझरच्या आतला, पान वाचून पडद्यावर मांडणारा भाग. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट या सगळ्यांच्या आत एकच ब्लिंक नावाचं इंजिन आहे. ऑपेराने स्वतःचं प्रेस्टो २०१३ मध्ये सोडलं, मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये एज क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच खुल्या गाभ्यावर नेला. फायरफॉक्सचं गेको, सफारीचं वेबकिट. संपली यादी. आयफोनवर तर ब्राउझर कुठलाही घ्या, आत वेबकिटच असतं. युरोपीय संघात मार्च २०२४ पासून कायद्यामुळे दुसऱ्या इंजिनांना वाट मिळाली, आपल्याकडे नाही. नणंदबाईंना क्रोम घ्यायला लावणं व्यर्थ होतं ते यामुळे. म्हणून तपासताना क्रोम, एज आणि ब्रेव्ह अशा तिघांत साइट उघडून समाधान मानू नका. क्रोम, फायरफॉक्स आणि एक खराखुरा आयफोन, एवढं पुरे.

दुसरं काम, आपलं गिऱ्हाईक नेमकं कशावर येतं ते पाहणं. जगाची टक्केवारी बाजूला ठेवा, स्वतःच्या साइटच्या तीन महिन्यांच्या नोंदी काढा. माझ्याकडे लालबागचा एक छापखाना आहे. तिथले संगणक विंडोज ७ चे, म्हणजे क्रोम १०९ वर थांबलेले, कारण जानेवारी २०२३ नंतर त्यांना नवा क्रोम मिळालेलाच नाही. काकूंच्या साइटवर आयफोन ७ दिसतात. आयफोनवर वेबकिट आयओएसबरोबर येतं आणि आयफोन ७ ला आयओएस १५ च्या पुढे जाता येत नाही. अँड्रॉइडवर क्रोम प्ले स्टोअरमधून सुटा अपडेट होतो, त्यामुळे जुना फोनही बराच काळ ताजा राहतो. पण ज्यांच्या घरी वायफाय नाही आणि ऑटो अपडेट 'फक्त वायफायवर' ठेवलेलं आहे, किंवा ज्यांचं स्टोरेज फोटोंनी गच्च भरलंय, त्यांचा क्रोम महिनोन्‌महिने जुनाच असतो. अशी माणसं चाळीत जितकी भेटतात तितकीच टॉवरमध्येही. त्यांनी अपडेट केलं नाही म्हणून त्यांच्यावर चिडू नका. क्रोम त्यांनी निवडलेलाही नसतो, फोनबरोबर आलेला असतो. अँड्रॉइडवर गूगलची अ‍ॅप आधीच बसवून देण्याचा मुद्दा भारतीय स्पर्धा आयोगाच्या ऑक्टोबर २०२२ च्या निकालातही होता, ज्यात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड झाला.

नवं काही वापरायचं ठरवताना मी एमडीएन या वेबच्या संदर्भ-साइटवर 'बेसलाइन'ची खूण बघतो. एखादी सोय सर्व मुख्य ब्राउझरमध्ये आली की ती 'नव्याने उपलब्ध' ठरते आणि तीस महिन्यांनी 'सर्वत्र उपलब्ध'. सीएसएस म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा. तिच्यातलं 'हॅज' घ्या, आत अमुक घटक असलेला भाग निवडून देणारं. सफारीत ते मार्च २०२२ मध्ये आलं, क्रोममध्ये त्याच ऑगस्टमध्ये, फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ मध्ये. सफारी नेहमीच मागे असते असं आपल्या धंद्यात सर्रास बोललं जातं, त्यांनी हा क्रम एकदा पाहावा. ज्यावाचून साइट अडत नाही अशी सोय मी 'नव्याने उपलब्ध' असतानाही घेतो. पैसे देण्याच्या आणि ऑर्डरच्या पानावर मात्र 'सर्वत्र'ची वाट पाहतो.

सीएसएसमध्ये 'सपोर्ट्‌स' लिहून 'ही सोय तुला येते का' असं ब्राउझरलाच विचारता येतं, पण त्याचं उत्तर डोळे झाकून घेऊ नका. फ्लेक्स आणि ग्रिड या मांडणीच्या दोन पद्धती, 'गॅप' म्हणजे घटकांमधली जागा. फ्लेक्समधला 'गॅप' सफारीत एप्रिल २०२१ मध्ये आला, ग्रिडमधला त्याच्या कितीतरी आधी. मधल्या काळात 'गॅप येतो का' विचारलं की सफारी खुशाल 'हो' म्हणायची आणि बटणं एकमेकांना चिकटून बसायची.

अपडेटच्या तारखांना घाबरायचं कारण नाही, त्या आधी जाहीर असतात. क्रोमची नवी आवृत्ती पूर्वी सहा आठवड्यांनी यायची, २०२१ मध्ये ते अंतर चार आठवड्यांवर आलं. फायरफॉक्सही चार आठवड्यांवर चालतो. मी ऑफिसच्या एका मशीनवर क्रोम बीटा आणि फायरफॉक्स बीटा कायम ठेवलेत, मॅकवर सफारी टेक्नॉलॉजी प्रीव्ह्यू. या सगळ्या पुढच्या आवृत्त्यांच्या चाचणी प्रती. महिन्यातून एकदा प्रत्येक साइटवर खरी ऑर्डर टाकतो, पहिल्या पानापासून पावतीपर्यंत. रिलीज नोट्स डोंबिवली फास्टमध्ये उभ्यानेच वाचून होतात. त्यात 'काढून टाकलं' आणि 'लवकरच काढणार' एवढेच भाग आधी वाचा. आणि यूजर एजंटमधून, म्हणजे ब्राउझर स्वतःची ओळख म्हणून पाठवतो त्या ओळीतून, आवृत्तीचा आकडा काढून निर्णय घेणारं कोड कुठे असेल तर आजच काढून टाका. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही शंभरावर गेले तेव्हा दोनच आकडे वाचणारं कोड शंभरला दहा समजत होतं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तपासणी मराठी मजकुरावर करा. लॅटिन भरताड टाकून पाहिलेलं पान मराठीत कसं दिसेल ते कळत नाही. डिझायनरने शीर्षकाला 'लेटर स्पेसिंग', म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, दिलं की शिरोरेषा तुकड्यातुकड्यांनी तुटते. भाषा मराठी-भारत ठेवून किंमत छापली की ब्राउझर आपणहून '१२०' असे देवनागरी आकडे देतो. ते सुंदर दिसतात, पण पानावरचा तोच आकडा परत वाचून बेरीज करायला गेलात तर जावास्क्रिप्टला तो संख्या वाटतच नाही आणि बिल बिघडतं.

नावांचं आणखी अवघड. एका पतपेढीच्या साइटवर सभासदाच्या नावाचं पहिलं अक्षर गोलात दाखवायचं होतं. 'क्षीरसागर'ची लांबी जावास्क्रिप्टप्रमाणे नऊ, आपल्या मोजणीत पाच अक्षरं. पहिला घटक कापला की नुसता 'क' हातात येतो. त्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये मजकुराचे अक्षरवार तुकडे करणारा 'सेगमेंटर' आहे, पण फायरफॉक्समध्ये तो एप्रिल २०२४ मध्ये आला. शिवाय जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम यूनिकोड या लिप्यांच्या जागतिक मानकाच्या २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीत आला. ज्या ब्राउझरने तो उचलला तिथे 'क्षी' मिळतं, जुन्यात पाय मोडलेला 'क्'. म्हणून गोलात अक्षर टाकायच्या आधी मी स्वतः तपासतो: तुकड्याच्या शेवटी हलन्त असेल तर पुढचा तुकडा त्याला जोडायचा. चार ओळींचं काम आहे. कुणाच्या आडनावाचा पाय मोडून ते त्याच्याच खात्यावर दाखवणं मला पटत नाही.

ब्राउझरचाच दोष असेल तर तो कळवा. गेको आणि वेबकिट, दोघांच्या स्वतंत्र बगझिला, म्हणजे दोष नोंदवायच्या साइट, आहेत, क्रोमियमचीही नोंदवही खुली आहे. पूर्ण साइटची लिंक देऊ नका. दहा-पंधरा ओळींचं, दोष नेमका दाखवणारं पान करून द्या. आपल्या लिपीतले दोष आपल्याच डोळ्यांना दिसतात आणि आपण फक्त क्रोमपुरतं काम करत गेलो तर बाकीच्या दोन इंजिनांत ते कुणी पाहणारच नाही. तीन इंजिनं जिवंत राहावीत असं मला मनापासून वाटतं. इंटरनेट एक्सप्लोरर ६ २००१ मध्ये आला आणि पुढची पाच वर्षं त्यात नवी आवृत्तीच आली नाही, कारण समोर कुणी उरलंच नव्हतं.

आयफोन ७ मी लॅमिंग्टन रोडवरून जुना घेतला, तो ड्रॉवरमध्ये चार्ज करून ठेवलेला असतो. तरी दर वर्षी मोदकांची साइट उघडली की पहिली लिंक पार्ल्याच्या नणंदबाईंना जाते. त्यांची ऑर्डर काकूंच्या वहीत चढली की मगच सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकतो.