‘रहिवाशी’मधली वाशी टाळा: जुन्या पोस्टना नोडप्रमाणे कॅटेगरी लावणारी स्क्रिप्ट

नवी मुंबईच्या बातम्या देणाऱ्या वर्डप्रेस साइटवर बहुतेक वेळा सगळं ‘नवी मुंबई’ या एकाच कॅटेगरीत साचलेलं असतं. ऐरोली, वाशी, नेरूळ असे शहराचे भाग म्हणजे नोड. ऐरोलीच्या वाचकाला फक्त ऐरोलीचं हवं असलं की पंचाईत. हजारो पोस्ट उघडून हाताने टिक करत बसणं कुणाला परवडणार? हे काम डब्ल्यूपी-सीएलआयच्या, म्हणजे टर्मिनलवरून वर्डप्रेस हाताळायच्या साधनाच्या, ‘डब्ल्यूपी इव्हॅल-फाइल’ या कमांडचं. ती आधी वर्डप्रेस लोड करते आणि मग तुमची पीएचपी फाइल चालवते, त्यामुळे प्लगिन न बनवताही वर्डप्रेसची सगळी फंक्शन्स वापरता येतात. शिवाय कमांड लाइनवर पीएचपीला वेळेची मर्यादा नसते, तेव्हा टाइमआउटची कटकट नाही.

कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप करा.

एसएसएचने (दुरून सुरक्षित लॉगिन करून) सर्व्हरवर जा आणि वर्डप्रेसच्या फोल्डरमध्ये उभे राहा. ‘ही वर्डप्रेसची साइट दिसत नाही’ अशा अर्थाची एरर आली तर फोल्डर चुकलंय. रूट युजरने (सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्याने) कमांड दिली तर डब्ल्यूपी-सीएलआय स्वतःच अडवते. ‘अलाऊ-रूट’ लावून ते दामटू नका, कारण त्या वेळी बनलेल्या फाइल रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढे अपलोड-अपडेट अडकतात. साइट ज्या युजरच्या नावावर आहे त्यानेच काम करा.

आता ‘डब्ल्यूपी डीबी एक्स्पोर्ट’ने डेटाबेसचा बॅकअप. फाइलचा पत्ता दिला नाही तर ती आहात त्याच फोल्डरमध्ये पडते, म्हणजे नाव कळलं तर कुणीही ब्राउझरमधून डाउनलोड करू शकतो. पत्ता होम फोल्डरचा द्या. स्क्रिप्टही तिथेच ठेवा.

‘डब्ल्यूपी टर्म क्रिएट कॅटेगरी’ने वाशी, नेरूळ, तुर्भे वगैरे कॅटेगरी बनवा आणि प्रत्येकीला रोमन स्लग (लिंकमध्ये दिसणारं नाव) द्या. देवनागरीचं एकेक अक्षर, मात्रासुद्धा, लिंकमध्ये 9 चिन्हांचं होतं. अशी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की टक्क्यांच्या खुणांची रांगच लागते. पोस्टच्या स्लगला जागा 200 चिन्हांची, म्हणून लांब मराठी मथळ्याचा स्लग साधारण 22 चिन्हांनंतर तुटतो, तो याचमुळे.

खरी गोम मथळ्यात नोडचं नाव शोधण्यात आहे. नुसतं ‘वाशी’ शोधलं तर ‘रहिवाशी संघाची बैठक’सुद्धा वाशीत जाते. शब्दाच्या सीमेसाठी रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकूर शोधायच्या नमुन्यातला) बॅकस्लॅश-बी वापरावासा वाटेल, पण पीएचपीच्या बऱ्याच आवृत्त्यांत यू मॉडिफायर (युनिकोड अक्षरं ओळखायची खूण) लावूनही मात्रा शब्दाचा भाग धरली जात नाही. ‘रहि’च्या वेलांटीनंतर सीमा पडते आणि ‘वाशी’ सापडतेच. त्याऐवजी नकारात्मक लुकबिहाइंड, म्हणजे ‘आधी हे नसावं’ अशी अट, लिहा: नावाच्या आधी कुठलंही अक्षर नको आणि मात्राही नको. यू मॉडिफायर इथेही हवाच.

नावाच्या शेवटी सीमा घालूच नका, मराठीत प्रत्यय लागणारच. उलट मूळ रूप तोडून घ्या. ‘तुर्भे’ शोधलं तर ‘तुर्भ्यात’ निसटतं, म्हणून ‘तुर्भ’. तसंच ‘सानपाड’, ‘कोपरखैरण’. नेरूळ आणि नेरुळ दोन्ही चालतात, तेव्हा रु ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही ठेवा. बेलापूरचं ‘बेलापुरात’ होतं, तिथेही तेच, आणि जोडीला ‘सीबीडी’. दिघ्याला मात्र ‘दिघ’पर्यंत तोडू नका, ‘दिघी’ आत येईल. ‘दिघा’ आणि ‘दिघ्या’ वेगवेगळे लिहा.

स्क्रिप्टमध्ये सुरुवातीला एकदाच सगळ्या पोस्टचे फक्त आयडी काढा आणि 200-200 चे गट करून फिरवा. ‘नोड न लागलेल्या पोस्ट’ पानापानाने मागवल्या तर पहिल्या पानाला कॅटेगरी लागताच यादी आखडते आणि दुसरं पान मधल्या 200 पोस्ट गाळून पुढे जातं. एररही दिसत नाही. कॅटेगरी लावणाऱ्या ‘डब्ल्यूपी सेट पोस्ट कॅटेगरीज’ या फंक्शनचा तिसरा आर्ग्युमेंट ट्रू द्या, नाहीतर जुन्या कॅटेगरी पुसल्या जातील. डेटाबेसशी थेट बोलायचं असेल तर डब्ल्यूपीडीबी (वर्डप्रेसचं डेटाबेस ऑब्जेक्ट) ग्लोबल म्हणून जाहीर करावं लागतं, कारण इव्हॅल-फाइल तुमचा कोड एका फंक्शनच्या आत चालवते. मेमरी फुगू नये म्हणून प्रत्येक गटानंतर रनटाइम कॅश (चालू स्क्रिप्टचा मेमरीतला तात्पुरता साठा) रिकामी करा. ती सोय वर्डप्रेस 6.0 पासून आहे. पूर्ण कॅश फ्लश केली तर रेडिस (सर्व्हरवरची कायम राहणारी कॅश) असलेल्या साइटची सगळी कॅश जाते आणि वाचकांना साइट रेंगाळल्यासारखी वाटते.

लिहिण्याचं काम एका आर्ग्युमेंटवर अडकवून ठेवा. फाइलच्या नावापुढे दिलेले शब्द स्क्रिप्टला आर्ग्स या अ‍ॅरेमध्ये मिळतात. ठरलेला शब्द नसेल तर फक्त मथळा आणि सापडलेला नोड छापायचा. ती यादी खरोखर वाचा. गडबड असते ती यादीतच दिसते. मग स्क्रीन किंवा टीमक्स या सेशन जिवंत ठेवणाऱ्या टूलच्या आत खरी फेरी चालवा, म्हणजे नेट गेलं तरी काम चालू राहील. एखादं प्लगिन फेटल एरर देत असेल तर ‘स्किप-प्लगिन्स’ लावा. कॅटेगरी वर्डप्रेसची मूळचीच असल्याने ती त्याने बिघडत नाही. शेवटी कॅटेगरीपुढचे आकडे चुकीचे दिसले तर ‘डब्ल्यूपी टर्म रिकाउंट कॅटेगरी’.

नव्या पोस्टसाठी हीच स्क्रिप्ट रोज क्रॉनने (सर्व्हरच्या वेळापत्रकाने) चालवता येते. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर असेल तर आपल्या रात्री 2 साठी क्रॉनमध्ये 20:30 ची वेळ लिहा, आणि डब्ल्यूपी, वर्डप्रेसचं फोल्डर, स्क्रिप्ट या तिन्हींचे पूर्ण पत्ते द्या. क्रॉनला तुमच्या टर्मिनलचा पाथ माहीत नसतो.